शेवटच्या खोलीतला तांब्याचा गोळा

लोणावळ्यात छातीच्या रोग्यांसाठी आरोग्यभवन बांधावं, ही अक्कल ज्या कुणाला सुचली त्याने जागा पाहिली असणार दिवाळीनंतर. तेव्हा इथली हवा खरोखर छान असते. पण आषाढ लागला की मिठाचं पाणी होतं, भिंतींना शेवाळ चढतं आणि रात्री डोक्याखाली घेतलेली उशी सकाळी पिळून घ्यावी लागते. हे मावळातल्या कुठल्याही गुराख्याने सांगितलं असतं. गुराख्याला विचारतो कोण! दगडी इमारत उभी राहिली, लांबलचक, ओळीने पाच खोल्या, पुढे पडवी. रोगी आले, पाऊस आला, पांघरुणं महिनाभर वाळेनात, रोगी जास्तच खोकायला लागले, तेव्हा मंडळींचे डोळे उघडले.

पावसाळ्यापुरते रोगी खाली तळेगावाकडे हलवावेत असं काही साधं सुचलं, तर ती मोठी माणसं कसली? त्यांनी वाफ आणली. कुठल्याशा बंद पडलेल्या कापसाच्या कारखान्यातला जुना बॉयलर, खोल्याखोल्यांतून फिरवलेले लोखंडी नळ आणि बाकीचं सामान विलायतेहून. सगळं बसवून झाल्यावर त्यांच्या ध्यानात आलं की हे चालवायला माणूस लागतो. म्हणून मला ठेवलं.

मी वडिवळ्याकडचा, मावळातलाच. घरी भाताची खाचरं, पण मला चिखलापेक्षा लोखंड बरं वाटायचं. रेल्वेच्या शेडात फिटरचं काम शिकलो, काही वर्षं इंजिनाखाली उताणा पडून काढली आणि एक दिवस तिथल्या साहेबाला त्याच्या अकलेबद्दलचं माझं मत सांगून टाकलं. मत बरोबर होतं. नोकरी गेली. तेव्हापासून मत मनात ठेवायचं आणि तोंडाने 'होय साहेब' म्हणायचं, ही विद्या मी शिकलो. आरोग्यभवनात ती मला फार उपयोगी पडली. तिची मला आज लाज वाटते.

आता त्या विलायती सामानातली एक वस्तू सांगितली पाहिजे, कारण सगळं रामायण तिच्यावरून झालं. वाफ नळातून खोलीत जाते, खोलीला ऊब देते आणि ऊब देऊन झाली की तिचं पाणी होतं. ते पाणी नळात साचून राहिलं तर मागची वाफ पुढे येऊ शकत नाही. नळ गार पडतो, आत धाडधाड आवाज व्हायला लागतो. म्हणून प्रत्येक खोलीतल्या नळाच्या शेवटाला एक बिडाचा डबा असतो. त्याचं विलायती नाव ट्रॅप, आम्ही डबाच म्हणायचो. डब्यात तांब्याचा एक पोकळ गोळा, मोठ्या कवठाएवढा, चहूकडून बंद. पाणी आलं की गोळा तरंगून वर येतो आणि दार उघडतं. पाणी निघून गेलं की गोळा खाली बसतो, दार मिटतं, वाफ आतच राहते. एवढंच. ना पगार, ना रजा, ना कुणाच्या जातीची चौकशी. त्या इमारतीत आपलं काम धड करणारा तो एकटाच होता.

डब्यांतून सुटलेलं ऊन पाणी एका नळाने परत बॉयलरजवळच्या टाकीत यायचं. तेच पुन्हा बॉयलरला द्यायचं, आणि उरलेलं आंघोळींना. चिटणीससाहेब पावसाळ्यात मुक्कामाला असले की त्यांच्या आंघोळीच्या दोन बादल्या तिथूनच जायच्या.

हे चिटणीससाहेब म्हणजे संस्थेचा कारभार पाहणारे गृहस्थ. पुण्याला कसल्याशा कचेरीत आयुष्यभर सह्या करून निवृत्त झालेले. सोवळं कडक. माणूस शिकलेला, इंग्रजी पत्रं लिहायचा, आणि डोक्यात मात्र सगळा अंधार. खोल्यांची वाटणी त्यांनीच केलेली. पहिली खोली पुण्या-मुंबईच्या खाशा मंडळींची, मधल्या तीन मधल्यांच्या, आणि शेवटची, ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही अशांची. संस्था धर्मादाय, त्यामुळे त्यांना घेणं भाग होतं. घेऊन कुठं ठेवायचं ते आपल्या हातात होतं. त्यांच्या पिण्याच्या पाण्याचा रांजणसुद्धा आवाराच्या पार टोकाला ठेवलेला, भर पावसात भिजत जायचं आणि भिजत यायचं. छातीचे रोगी बरं का!

लढाईची वर्षं होती ती. एका आषाढात चिटणीससाहेब छत्री घेऊन बॉयलरघराच्या दारात आले. आत कोळशाची धूळ, म्हणून बाहेरूनच विचारलं,

"काय रे, टाकीतलं पाणी येतं कुठून?"

"खोल्यांतून परत येतं साहेब. वाफ जाते, पाणी होऊन परत येते."

"सगळ्या खोल्यांतून?"

"सगळ्या."

"शेवटच्यासुद्धा?"

मी हो म्हटलं. साहेबांचं तोंड पांढरंफटक पडलं. किती दिवस त्या पाण्याने आंघोळ करून संध्या केली, त्याचा हिशेब त्यांच्या डोळ्यांत दिसत होता. मी समजूत घालायला गेलो. म्हटलं, साहेब, वाफ नळाच्या आत असते, कुणाला शिवत नाही. थंडी वाजली तर रोगी नळाला पाठ लावून बसतात तेवढंच.

"पाठ लावून बसतात?" साहेब किंचाळलेच.

चार दिवस विचार झाला. पुण्याला कुण्या शास्त्र्याला पत्र गेलं, उत्तर आलं. मग मला पडवीत बोलावून निर्णय सांगितला. वाफ हा वायू आहे, वायूला विटाळ नाही, ती शेवटच्या खोलीत खुशाल जावो. पण तिचं पाणी होतं ते त्या खोलीत. तिथं झालेलं पाणी ते तिथलंच. ते परत टाकीत येता कामा नये.

वा रे वा! वाफेचं पाणी नेमकं कुठं होतं हे इतकं बिनचूक सांगणारा इंजिनिअर मी रेल्वेतसुद्धा पाहिला नव्हता. मनात शंभर शिव्या दिल्या, तोंडाने 'होय साहेब' म्हटलं, पाना घेऊन गेलो आणि शेवटच्या खोलीचा परतीचा नळ तोडला. तिथलं पाणी मागच्या गटारात पडायला लागलं.

त्या पाण्याखाली लगेच एक मातीचं मडकं येऊन बसलं. शेवटच्या खोलीचे कपडे धुणारी आणि ती खोली झाडणारी एक बाई होती. भाजे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात एक वाडी आहे, तिथली. काटकुळी, चाळिशीची, सगळे तिला मावशी म्हणत, मीही म्हणायचो.

"बरं केलं भाऊ," ती म्हणाली. "पोरीच्या कापडांना ऊन पानी झालं."

पोर म्हणजे तिची लेक. लग्न झालेली, विशीची असेल. त्या साली तिच्या छातीत पाणी झालं आणि नवऱ्याने आणून आईच्या दारात सोडली. मावशी तिथंच कामाला म्हणून तिला शेवटच्या खोलीत खाट मिळाली, अगदी नळाजवळची. डॉक्टर तरुण होता, चांगला होता, पण चिटणिसांसमोर त्याचं तोंड उघडत नसे. त्याने मोठी सुई घालून पोरीच्या छातीतलं पाणी काढलं आणि मावशीला माझ्यासमोर सांगितलं, "पाऊस संपेपर्यंत हिला ऊब आणि कोरडं अंथरूण मिळालं तर दसऱ्याला आपल्या पायांनी घरी जाईल. ओल धरली आणि पुन्हा पाणी भरलं, तर माझ्या हातात काही नाही." मावशीने ते ऐकलं आणि नळावर हात ठेवून पाहिला. नळ चांगला तापलेला होता. तिने मान हलवली.

श्रावणात पहिल्या खोलीतला नळ गार पडला. आत धाडधाड आवाज, खाशी मंडळी घाबरलेली. डबा उघडला तर गोळ्याला बारीक भोक पडलेलं, गोळा पाण्याने भरून तळाशी बसलेला, आणि तांबं इतकं झिजलेलं की भोक बुजवायला गेलं तर शेजारी दुसरं पडे. तरंगत नाही म्हणजे दार उघडत नाही.

नवा गोळा हवा. सामानाबरोबर दोन जादा गोळे आले होते. एक मागेच वापरून झाला होता. दुसरा कुठं होता म्हणता? आवारातल्या मारुतीच्या देवळीवर कळस म्हणून! तांब्याचा, गोल, चकचकीत, विलायती. मंडळींना फार आवडला. आरपार सळई घालून वर बसवला होता, म्हणजे तरंगायच्या कामातून गेलेला. मारुती काही बोलला नाही. मुंबईला पत्र टाकलं, तिथून उत्तर आलं की लढाई संपेपर्यंत असलं सामान विलायतेहून येणार नाही. चिटणीससाहेबांकडे त्या सामानाच्या चित्रांचं जाड पुस्तक होतं, रेशमी फडक्यात गुंडाळलेलं. ते उघडून गोळ्याच्या चित्रावर बोट ठेवून ते बराच वेळ बसले, जणू बोटाच्या जोरावर तो कागदातून बाहेर येणार होता.

मी म्हटलं, साहेब, डब्याला खाली एक कॉक आहे, तोटीसारखा. माणूस बसवा. नळ गार लागला की कॉक उघडून पाणी सोडायचं, वाफ यायला लागली की बंद करायचा.

"पहिल्या खोलीत दिवसभर कुणी मजूर बसवायचा? रोग्यांना त्रास होईल." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "शेवटच्या खोलीतला गोळा काढ आणि इथं घाल."

इथं मी काहीतरी बोलायला हवं होतं. डॉक्टर काय म्हणाला होता ते मी कानांनी ऐकलं होतं. 'साहेब, तिथली पोर मरेल' एवढं चार शब्दांचं वाक्य. पण शेडातली नोकरी एकदा तोंडापायी गेलेली, तोंड उघडलंच नाही. 'होय साहेब' म्हणालो. चिटणिसांना मी मूर्ख म्हणतो, पण ते निदान आपल्या मूर्खपणावर विश्वास ठेवत होते. मला सगळं कळत होतं.

मी डब्याचे बोल्ट काढत होतो तेव्हा मावशी दारात येऊन उभी राहिली.

"भाऊ, ह्यो कुटं न्हेता?"

"पहिल्या खोलीत."

"मंग हितं?"

मी बोल्ट फिरवत राहिलो. खाटेवरची पोर टक लावून बघत होती. मग मला राहवलं नाही. गोळा काय करतो, तो नसला की नळात पाणी कसं साचतं आणि खोली कशी गार पडते, सगळं मावशीला सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली,

"म्हंजी नळाच्या छातीत पानी व्हतं. डाक्टरनं सुई घालून काडलं तसं कुनीतरी काडाया पायजे. व्हय ना?"

"व्हय."

"मंग मी काडते. दावा कुटनं."

हे तिला एका दमात कळलं. चिटणीससाहेबांना जाड पुस्तक आणि शास्त्र्याचं पत्र मिळून कळलं नव्हतं. मी कॉक दाखवला, हाताला चटका बसू नये म्हणून मुठीला सुतळी गुंडाळून दिली. ती नळाशेजारी उकिडवी बसली ती बसलीच. धुणं पहाटे उरकायची, आणि बॉयलर पेटल्यापासून दिवेलागणीला विझेपर्यंत एक हात नळावर, एक कॉकवर. चटके बसायचे ते बसलेच. खोली गरम राहिली.

इकडे गोळा पहिल्या खोलीत घालायचा, तर नवीनच अडचण. तो गोळा त्या खोलीतल्या पाण्यात बुडालेला! तसाच कसा घालणार? चिटणीससाहेबांनी तो माझ्या हातून न घेता मला स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवायला लावला. आचाऱ्याने आधी चिंच आणि राख लावून घासला. मला वाटलं, झालं. पण साहेब सोवळ्याचा रेशमी मुकटा नेसून तिथं हजर, आणि चुलीत निखारे पसरायचं काम चाललेलं. मी पुढे झालो.

"साहेब, हा चुलीत घालू नका. पोकळ आहे, आत हवा कोंडलेली आहे, जोड कथलाच्या डाखाचा आहे. फुटेल."

"मला तांबं शिकवू नकोस. आमच्या घरची भांडी पिढ्यान्‌पिढ्या अग्नीतून काढतात. अग्नीतून काढलं की तांबं शुद्ध."

"साहेब, हे भांडं नव्हे. ह्याला तोंड नाही."

"तोंड नसलं तरी तांबंच ना?"

ह्याचं उत्तर तुमच्याकडे असेल तर सांगा, मी इतकी वर्षं शोधतोय. मी आपला दोन पावलं मागे सरून दाराआड उभा राहिलो, कारण अंगावर निखारे घ्यायचा पगार मला नव्हता.

गोळा निखाऱ्यांवर थोडा वेळ शहाण्यासारखा बसला. साहेब काहीतरी पुटपुटत पळीने पाणी शिंपडत होते. मग असा काही आवाज झाला की पडवीतले कावळे उडाले. चूल अर्धी उपसली गेली. राख पहिल्या खोलीच्या आमटीत, राख भातावर, राख आचाऱ्याच्या शेंडीत. साहेबांच्या मुकट्याला जागजागी भोकं पडली आणि ते 'अरे अरे अरे' करत तिथंच गोल फिरत राहिले. कुणाला फार भाजलं नाही. गोळा जोडावर उकलून त्याच्या दोन वाट्या झाल्या होत्या, त्यातली एक फाटून दुधाच्या भांड्याशेजारी पडली होती. अग्नीने शुद्ध झालेली.

"ह्या इंग्रजांच्या धातूत भेसळ असते," साहेब थोड्या वेळाने म्हणाले.

मी त्या दिवशी बॉयलरघरात जाऊन एकटाच खो खो हसलो. पार डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. आणि हसता हसता आठवलं की तो गोळा एका आजारी पोरीच्या नळातून मीच काढून आणला होता. मग हसू थांबलं.

दोन्ही वाट्या मी पुण्याला तांबटाकडे पाठवल्या. त्याचा निरोप आला की लढाईमुळे पत्रा मिळत नाही, एखादी जुनी घागर मोडून करून देतो, पण गौरी-गणपतीचं काम हातावेगळं झाल्यावर. म्हणजे महिना गेला. पहिली खोली गार, खाशी मंडळी शाली पांघरून तक्रारी करतायत, एकाने तर पुण्याला परत जायची धमकी दिली. आणि त्याच ओळीत शेवटची खोली मात्र गरम! ही बातमी काही लपून राहिली नाही. चिटणीससाहेब चौकशी करत स्वतः पडवीच्या त्या टोकाला आले. आयुष्यात पहिल्यांदा आले असतील. पाच हातांवर उभे राहिले, आणि मावशी समोर दारात बसलेली असताना माझ्या तोंडून तिच्याशी बोलायला लागले.

"तिला सांग, हा आपद्धर्म आहे. उद्यापासून पहिल्या खोलीतल्या नळाशी बसायचं. आत यायला परवानगी आहे. मात्र नळाशिवाय कशालाही शिवायचं नाही."

म्हणजे आता चालतं! पाणी चालत नाही, गोळा चालत नाही, पण हात चालतात. अंगाला ऊब हवी म्हटल्यावर शास्त्रात लगेच वाट सापडली, पुण्याला पत्रसुद्धा टाकावं लागलं नाही.

मावशीने कॉकवरचा हात काढला नाही. माझ्याकडे बघून म्हणाली, "आन् हितं कोन बसंल?"

मी साहेबांकडे बघितलं. साहेब म्हणाले, "तिला सांग, नाही म्हणायचं असेल तर लेकीची खाट रिकामी करावी."

ते तिला ऐकू गेलंच होतं. मी सांगायची वाट तिने पाहिली नाही.

"भाऊ, त्यास्नी सांगा. त्येंचा गोळा त्येंनी जाळला. माजी पोर मी न्हाई जाळायची. खाट काडायची तर काडा, मी पोरीला घेऊन ह्या नळाच्या बुडाशी भुईला बशीन. पन ह्यो कॉक मी सोडनार न्हाई."

डॉक्टर मागे उभा होता, तो घसा खाकरून म्हणाला, "ह्या रोग्याला हलवता येणार नाही. हलवायचं तर मी तसं लिहून देणार नाही." चिटणिसांसमोर पहिल्यांदाच बोलला. आणि तेव्हा माझंही तोंड उघडलं. फार काही नाही, "मी बसतो साहेब पहिल्या खोलीत," एवढंच. साहेब छत्री आपटत निघून गेले. खाट राहिली.

मग महिनाभर मी पहिल्या खोलीत नळाजवळ बसलो. बॉयलरवर फायरमन होता, तो भट्टी बघायचा. खाशी मंडळी मला बघून नाकाला रुमाल लावत, माझ्या कपड्यांना कोळशाचा वास येतो म्हणत, आणि पाय मात्र नळाकडे करून झोपत. चटके किती बसतात, पाठीला कशी रग लागते, हे मला दुसऱ्या दिवशीच कळलं. ती बाई हे किती दिवस करत होती.

दुपारी रोगी जेवले की मी माझा पितळी गडवा भरून शेवटच्या खोलीकडे जायचो. तिला कॉक सोडून आवाराच्या टोकाच्या रांजणापर्यंत जाता येत नसे, म्हणून. ती कॉक बंद करायची, ओंजळ हनुवटीखाली धरायची, आणि मी वरून पाणी ओतायचो. चांगल्या हातभर उंचीवरून, म्हणजे माझ्या गडव्याला तिचा हात लागणार नाही. कुणी मला तसं करायला सांगितलं नव्हतं. आमच्या घरी तसंच ओततात, माझ्या आईने तसंच ओतलं, मी तसंच ओतलं. ती प्यायची, तोंड पुसायची, म्हणायची, "लय बरं वाटलं, भाऊ." आणि मी परत येताना स्वतःवर खूश असायचो. चिटणीस बघा आणि मी बघा, असं मनात यायचं.

भाद्रपद सरता सरता तांबटाचा गोळा आला. ठोके दिसत होते, पण जोड पक्का, बादलीत टाकला तर छान तरंगला. एकच गोळा. चिटणीससाहेबांनी विचारलंसुद्धा नाही, मीही विचारलं नाही. तो पहिल्या खोलीत गेला. मावशी आपल्या कॉकशी बसून राहिली. मी मोकळा झालो. तिच्या जागी चार घटका मी बसावं, हे मला सुचायला हवं होतं. सुचलं नाही. गडवा मात्र नेमाने नेत होतो.

पोरीच्या छातीत पुन्हा पाणी भरलं नाही. ती उठून बसायला लागली, मग पडवीत चालायला लागली. पाऊस ओसरला. डॉक्टरने छाती ऐकली आणि हसून म्हणाला, जा आता. दसऱ्याच्या आदल्या दिवशी मायलेकी बोचकं घेऊन बॉयलरघराच्या दारात आल्या. मावशीही काम सोडून निघाली होती. सुतळी गुंडाळलेली कॉकची मूठ तिने परत करायला आणली होती. तिच्या उजव्या तळव्याची कातडी राठ होऊन काळी पडलेली होती.

मी त्या दिवसासाठी मनाशी काहीतरी ठरवून ठेवलं होतं. फार थोर असं वाटत होतं मला ते. गडवा राखेने लख्ख घासला होता, ताजं पाणी भरलं होतं. तो मी तिच्यापुढे सरळ धरला.

"घ्या मावशी. हातात घ्या. तोंड लावून प्या."

तिने गडव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. बोचकं खाली ठेवलं, उकिडवी बसली आणि ओंजळ हनुवटीखाली धरली.

"वरूनच वता, भाऊ."

"अहो, कशाला आता? मी म्हणतोय ना?"

"तुमी म्हनता. मी न्हाई म्हनत." आवाज चढला नाही तिचा. "गोळा काडलात तवा 'होय सायेब' म्हनलात. नवा आला तवाबी तितंच घातलात. त्या सायबाचं मला काय न्हाई, त्यो येडाच हाय. तुमाला समदं कळत व्हतं. तुमच्या गडव्याला मी तोंड न्हाई लावायची. मला इटाळ नगं."

पोर मागे उभी होती. फायरमनने भट्टीकडे तोंड वळवलं. मी गडवा वर उचलला, रोजच्याच उंचीवर, आणि ओतायला लागलो. मी तिच्याकडे बघत नव्हतो, धार ओंजळीबाहेर जाऊन तिच्या लुगड्यावर सांडत होती.

"नीट वता," ती म्हणाली.